रिकाम्या मशीनचा दिवा

“मॅडम, तुमच्या मशीनमध्ये भूत आहे का हो?”

टकळीने उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं आणि अख्खा वर्ग टेबलाखाली तोंड खुपसून हसायला लागला. लांबडी आणि चष्मिस या तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती, की ही नुसत्या फुशारक्या मारते, मॅडमसमोर उभी राहिली की हिची बोबडी वळेल. वळली नाही. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज घशातच विरायचा, ती मुलगी वक्तृत्वाच्या एका बक्षिसाने अशी काही सुटली होती, की आता तिला गप्प करायला माणूस ठेवावा लागला असता. टकळी हे नाव तसं घरचं, बाबांनी ठेवलेलं. पण ते शाळेपर्यंत चालत आलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं.

लॅबच्या मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन बोटांनी डोळे चोळले.

“असेलही,” त्या म्हणाल्या. “भूत सोडून बाकी सगळं बघून झालंय माझं. शाळा सुटल्यावर थांब. आपण दोघी मिळून धरू त्याला.”

हसणं जागच्या जागी विरलं. लांबडीने खालून टकळीच्या पोटरीला चिमटा काढला.

“घे,” ती पुटपुटली. “अजून बोल.”

शाळा सुटल्यावर टकळीने मॅडमच्या फोनवरून घरी फोन लावला.

“आई, मला आज उशीर होईल. लॅबमध्ये काम आहे.”

पलीकडून आई हलक्या आवाजात, जणू फोनमधूनही कुणी जागं होईल अशा बेताने म्हणाली, “मग बाबांजवळ कोण बसणार? मला ब्लाउज पोचवायचे होते.” मग स्वतःच म्हणाली, “बरं. मी उद्या पोचवीन. तू ये सावकाश.”

आईचं ‘सावकाश’ हल्ली असं यायचं, पाय ओढत.

लॅबच्या कोपऱ्यात ते काळं मशीन होतं. सगळ्या वर्गांचं काम, सगळे प्रकल्प, सगळी चित्रं त्याच्या पोटात. समोर तांदळाएवढा एक दिवा. डिस्कवर कुणी काही लिहिलं की तो लागायचा. मुलं काम करत असताना तो लुकलुकला तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण मधल्या सुट्टीत, लॅबला कुलूप असताना, काचेच्या दाराला नाक लावून बघणाऱ्या पोरांना तो दिसायचा. लुक. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा लुक. आत माणूस नाही, काणूस नाही, आणि मशीन आपलं लिहितंय.

“याआधीची डिस्क अशीच झिजून गेली,” मॅडम म्हणाल्या. “मुलांचे अर्ध्या वर्षाचे प्रकल्प घेऊन गेली. आता ही नवी. आणि हिचंही तेच चाललंय.”

“पण कुणी काम करत नसताना ती कशाला लिहील?”

“तेच तर. ती काही स्वतःहून लिहीत नाही. कुणीतरी लिहायला लावतं.”

त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती.

“हा मी बसवलेला पहारेकरी. छोटासा प्रोग्राम आहे. थोड्या थोड्या वेळाने उठतो, कोण किती लिहितंय ते बघतो आणि नोंद करून ठेवतो. सुरुवातीला याच्यामुळेच एक चोर सापडला होता. फाइली शोधणं सोपं जावं म्हणून एक प्रोग्राम सगळ्या फाइलींच्या याद्या करत बसायचा, पुन्हा पुन्हा त्याच. त्याला हाकललं.”

“मग थांबायला हवं होतं ना?”

“हवं होतं,” मॅडम म्हणाल्या. त्या दोन शब्दांत त्यांचे कितीतरी दिवस गेलेले दिसत होते.

यादीत वरती एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं. टकळीने त्यावर बोट ठेवलं.

“हा कोण?”

“तो फाइलसिस्टीमचा कारकून. कुणीही लिहायला काही दिलं, की हा आधी आपल्याकडे टिपून घेतो. म्हणजे मधेच वीज गेली तरी घोळ होत नाही. बिचारा दिलेलं काम करतो. पण त्याला काम देतंय कोण, ते या यादीत येतच नाही.”

मग त्यांनी एकेक गोष्ट बंद करायला घेतली. छपाईचा प्रोग्राम. घड्याळ जुळवणारा. नव्या आवृत्त्या आल्या का ते बघणारा. शेवटी मॅडमनी मागची नेटवर्कची वायरही उपटली. प्रत्येक वेळी त्या हात मांडीवर ठेवून दिव्याकडे बघत बसायच्या. टकळीला तेवढाही दम निघत नव्हता.

“मॅडम, सगळं एकदम बंद करून टाकू ना. एक घाव, दोन तुकडे.”

“आणि थांबलं तर? कशाने थांबलं ते तुला स्वप्नात येऊन सांगणार आहे का कुणी? एका वेळी एकच. बंद करायचं आणि बघायचं.”

लुक, केलं दिव्याने.

“बघितलं,” टकळी म्हणाली.

मॅडमना पहिल्यांदा हसू आलं. पण ते ओठांच्या एका कोपऱ्यातूनच परत गेलं. बाकीचं उद्या, असं ठरलं.

घरी टकळीने दाराबाहेरच बूट काढून हातात घेतले. ही आता सवयच झाली होती. आईने दार असं उघडलं, की कडीचा आवाज तिच्या तळहातात मुरला.

“आत्ताच डोळा लागलाय,” ती कुजबुजली. “जा, बस तू. मी जरा भांडी... नको, भांड्यांचा आवाज होईल. मी जरा पडते.”

शिलाई मशीनवर जुनी चादर घातलेली होती. पूर्वी या घरात सकाळपासून त्या मशीनची खडखड चालायची आणि माणसं त्याच्यावरून ओरडून बोलायची. डॉक्टरांनी बाबांना झोप हवी म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून ते झाकलेलं होतं. आई हाताने जमेल तेवढं शिवायची, खिडकीशी मान वाकडी करून.

बाबा गोदीत क्रेन चालवायचे. वर, काचेच्या केबिनमध्ये. जोडीदार काम सोडून गेला, दुसरा मिळेना, म्हणून किती महिने दोन्ही पाळ्या यांनीच ओढल्या. आणि एके दिवशी वर बसल्या बसल्याच त्यांची शुद्ध हरपली. हुकाला माल नव्हता, खाली माणूस नव्हता, म्हणून निभावलं. हृदय तपासलं, डोकं तपासलं. कुठे काही नाही. “शरीर थकलंय,” डॉक्टर म्हणाले. “झोप भरून निघाली, की या. कामाच्या दाखल्यावर सही करतो.” ती सही मिळाल्याशिवाय गोदीवाले त्यांना क्रेनवर चढू देणार नव्हते. रजा संपेपर्यंत नाहीच मिळाली, तर फाटकावर खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपायचे. जो माणूस इतकी वर्षं जहाजांच्याही डोक्यावरून बघत आला, त्याने. बाबा याबद्दल काही बोलत नसत. फक्त एकदा म्हणाले होते, “फाटकावरून समुद्र दिसत नाही.”

झोप मात्र येत नव्हती.

आईने आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. दुपारनंतरचा चहा बंद. खोलीतलं घड्याळ बाहेर, टिकटिक नको. खिडकीला जाड पडदा. शेजारच्यांना हात जोडून त्यांचा टीव्ही हळू. उशी बदलली, गादी बदलली, पलंगाची दिशा बदलली. आणि एकटं वाटू नये, पुन्हा काही झालं तर चटकन कळावं, म्हणून टकळीचं अभ्यासाचं टेबल हॉलमधून उचलून बाबांच्या खोलीत आणून ठेवलं. शाळा सुटली की टकळीची पाळी. बाकीचा वेळ आईची.

टकळी खुर्चीत बसली. बाबा कुशीवर होते, डोळे मिटलेले. तिने पुस्तक उघडलं, एक ओळ वाचली, वर बघितलं. दुसरी ओळ वाचली, वर बघितलं. बाबांचा श्वास चालू होता. फार नीट चालू होता. आत, बाहेर, आत, बाहेर, रांगेत उभ्या केलेल्या मुलांसारखा.

दाराच्या फटीतून आईचं डोकं आलं. तिने गालाखाली हात ठेवून खुणेने विचारलं, झोपले? टकळीने अंगठा दाखवला. डोकं गेलं. मग टकळीलाच शंका आली. ती चवड्यांवर उठली, पलंगाशी गेली आणि बाबांच्या नाकाशी बोट धरून उभी राहिली.

“टकळे,” डोळे न उघडता बाबा म्हणाले, “मुंगी आहे का तुझं बोट आहे?”

“बोट आहे.”

“मग ठीक आहे.”

“झोपा ना हो, बाबा.”

“झोपतोच आहे.”

तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. आई धावली, पण दोन घंटा होऊनच गेल्या. आत्याचा आवाज आतपर्यंत आला. आत्याचा आवाज फोनशिवायही दोन गल्ल्या ओलांडून जायचा.

“वहिनी, झोपला का गं दादा?”

बाबांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त चादरीबाहेर आलेला पायाचा अंगठा एकदा आत वळला आणि पुन्हा सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बंद करण्यासारखं काही उरलं नाही. मॅडम स्टुलावर बसून होत्या. दुपारचा डबाही तसाच होता. दिवा लुकलुकत होता.

“हेडसरांनी सांगितलंय,” त्या म्हणाल्या, “ही डिस्क गेली तर मशीनच भंगारात टाका. एकेक भाग गोळा करून मी जोडलंय गं हे. त्यांना काय, दुसऱ्याच्या दारातलं भांडण वाटतं.” मग टकळीकडे वळून, “जाऊ दे. घरी जा तू. तुझे आईवडील वाट बघत असतील.”

“वाट नाही बघत, पाळी बदलायची असते,” टकळी म्हणाली. पण उठली नाही. तिला हरणं हल्लीच आवडेनासं झालं होतं. “मॅडम, तुमचा पहारेकरी दाखवा ना. आतून.”

“त्यात काय बघायचंय? मीच लिहिलाय तो.”

“दाखवा तर.”

मॅडमनी प्रोग्राम उघडला. जेमतेम एक पडदाभर. टकळीला त्यातलं अर्धं कळत होतं, अर्धं नाही. पण कळत नाही ते विचारायला आता तिला लाज वाटत नव्हती. ती एकेका ओळीवर बोट ठेवत गेली आणि मॅडम दमलेल्या आवाजात सांगत गेल्या. ही ओळ किती वेळाने उठायचं ते. ही सगळ्यांची यादी मागवते. ही जास्त लिहिणाऱ्यांना वर आणते.

“आणि ही?”

“ही यादीतून त्याचं स्वतःचं नाव गाळते.”

“का?”

“नाहीतर दर वेळी तोच दिसत राहणार ना. यादीत उगीच गर्दी. पहारेकऱ्याला कशाला मोजायचं?”

“बरं. आणि नोंद केलेलं ठेवतो कुठे?”

“ठेवतो ना, इथे...”

मॅडमचा हात स्क्रीनकडे निघाला होता, तो हवेतच राहिला. लॅबमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता. दिवा लुकलुकला.

“याच डिस्कवर?” टकळीने विचारलं. स्वतःचाच आवाज तिला फार मोठा वाटला.

“याच,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी कीबोर्ड ओढला आणि पहारेकऱ्याला थांबवलं. दोघी दिव्याकडे बघत बसल्या. आता लागेल, आता लागेल, असं म्हणता म्हणता टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिने पापणीच हलवली नव्हती. दिवा लागला नाही. मॅडमनी पहारेकरी पुन्हा सुरू केला. लुक. पुन्हा थांबवला. काळोख. तांदळाचा काळा दाणा.

मॅडम हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. मग चष्मा काढून साडीच्या पदराला पुसला, पुसतच राहिल्या.

“कोण लिहितंय म्हणून बघायला बसवला,” त्या म्हणाल्या. “तो बघायचा आणि लिहायचा. लिहिलं की कारकुनाला काम. ते काम दिसलं की याची आणखी एक नोंद. खरा चोर तर पहिल्याच आठवड्यात गेला होता गं. त्यानंतरचं सगळं...” त्यांनी हात झटकला.

“मग आता पहारेकरी काढून टाकायचा?”

“काढायचा कशाला? डिस्कला हात लावायचा नाही, म्हणायचं. त्याच्या नोंदी मेमरीत राहू देत. आणि दिवसातून एकदा मी येऊन बघेन. तेवढं पुरे.” त्यांनी डबा उघडला आणि उभ्या उभ्याच खायला सुरुवात केली, जणू भूक इतके दिवस कुठेतरी रांगेत थांबली होती.

बाहेर लांबडी आणि चष्मिस दप्तरं सांभाळत उभ्या होत्या.

“सापडलं भूत?” लांबडीने विचारलं.

एरवी टकळीने यावर घरापर्यंत पुरेल एवढं भाषण ठोकलं असतं. आज तिने नुसती मान हलवली.

“भूत नव्हतं,” ती म्हणाली. “पहारेकरी होता.”

“म्हणजे काय?”

पण ती पुढे चालायला लागली होती. चष्मिसने लांबडीकडे बघितलं. “हिला काहीतरी झालंय,” ती म्हणाली. “गप्प आहे.”

घरी आईने दार उघडलं, कडी तळहातात मुरवून. ओठांवर बोट. टकळी आत गेली, आपल्या टेबलाशी बसली. पुस्तक उघडलं नाही. मान वर केली तेव्हा बाबांच्या पापण्या नुकत्याच मिटत होत्या. घाईने, पाहुणे आल्यावर पसारा पलंगाखाली ढकलावा तशा. मग तो नीट श्वास सुरू झाला. आत, बाहेर, आत, बाहेर.

दाराच्या फटीत आई आली. गालाखाली हात. झोपले?

टकळीने अंगठा दाखवला नाही. मानही हलवली नाही. आई जरा थांबली, गोंधळली आणि गेली. टकळीने खुर्ची हळूच फिरवली आणि पलंगाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग मागून एक लांब, वेडावाकडा उसासा आला, कुणीतरी खूप वेळ उचलून धरलेलं ओझं खाली ठेवावं तसा.

“टकळे,” बाबा म्हणाले. “भिंतीवर काय लिहिलंय?”

“काही नाही.”

“मग वाच सावकाश.” जरा वेळाने, झोपेत नव्हे पण झोपेच्या जवळपास कुठेतरी पोचलेल्या आवाजात ते म्हणाले, “तुझ्या आईचं मशीन चालू असायचं ना, तेव्हा मला पाळीवरून आल्याबरोबर झोप लागायची. कुणाचं माझ्याकडे लक्षच नसायचं.”

हॉलमधला फोन वाजला. उसासा अर्ध्यात तुटला.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसले. आईने वाढता वाढता विचारलं, रोज विचारायची तसंच, वाटीकडे बघत.

“अहो, लागली का आज झोप थोडी?”

“लागली ना,” बाबा म्हणाले. “चांगली लागली.”

त्यांच्या डोळ्यांखाली काळं होतं, आणि आईच्याही. दोघांनी एकमेकांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न बघवत नव्हता. टकळीने पाण्याचा पेला खाली ठेवला. बक्षिसाच्या भाषणाला उभी राहिली होती, तशी ती ताठ बसली.

“मला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “विचारत नाहीये. ठरवलंय.”

आईचा हात वाटीवर थांबला. “काय गं? शाळेत काही झालं का?”

“माझं टेबल आज परत हॉलमध्ये जाणार. जेवण झालं की मीच ओढणार, आवाज होऊ दे. बाबांच्या खोलीचं दार बंद राहील. फटसुद्धा नाही. आत्याला मी फोन करून सांगीन, सकाळी एकदा विचार, बास. आणि आई, उद्यापासून तू तुझं मशीन उघडायचं.”

“अगं पण...” आईचा आवाज चिरकला. “काही झालं म्हणजे? त्यांच्याजवळ कुणीतरी नको का?”

बाबांचा घास हातातच होता. ते आईकडे बघत नव्हते, ताटाकडेही नाही. ते टकळीकडे बघत होते, टक लावून, आणि तिला कळलं की किती दिवसांनी तेच तिच्याकडे बघतायत.

“कुणी नाही,” टकळी म्हणाली. “आत्या नाही, तू नाही. मला धरून कुणीच नाही.”